कागदाच्या पुडीतला केस

३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाने भरतेस, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दोन महिने तू होतीस, तर कचेरीतून घरी यायची ओढ वेगळी होती. तुझ्या खुर्चीचा ताबा आता ठकूने घेतला आहे. खुर्चीचा पाय धरून उभी राहते आणि मोठा गड सर केल्यासारखी आमच्याकडे बघते. तिला दहावा महिना लागला, हे अजून खरं वाटत नाही.

रविवारी बागेत एक प्रकार घडला. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. आम्ही बाकावर बसलो होतो, ठकू बाबागाडीत. समोरून एक टोपीवाली बाई आली, बरोबर वासराएवढा कुत्रा. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते, तेवढ्यात तिने दोरी सैल सोडली. कुत्र्याने ठकूचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत चाटला, मग गाल चाटला, आणि आपल्या कन्येने तोच हात खुशाल तोंडात घातला. एका शब्दाने विचारलं नाही गं त्या बाईने! मी ठकूला झटकन उचललं तर उलट मलाच समजावू लागली की त्याला लहान मुलं फार आवडतात, सगळ्या लशी टोचलेल्या आहेत, माणसांपेक्षा स्वच्छ आहे तो. मी म्हटलं की असेल, पण मला विचारलंत कुठे? यावर तिने असं पाहिलं, जणू मीच तिच्या कुत्र्याला चावले.

आणि तुझे जावई! दिवसभर दुकानात लोकांना चष्मे बसवून देतात, पण नाकासमोरचं यांना दिसत नाही. हसून त्या बाईला म्हणाले की असू द्या, असू द्या. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. मग म्हणाले की चारचौघांत भांडण नको वाटलं. मी सांगितलं की भांडण टळलेलं नाही, फक्त घरी आलेलं आहे.

तेव्हापासून मनात एकच घोळतंय. मी समोर असताना हे होतं, तर मी नसताना काय होत असेल? ठकूला सांभाळायला तू शिकवून तयार केलेल्या काकू रोज साडेआठला दोन मजले चढून वर येतात. कामाला चोख आहेत, पण तोंड म्हणून उघडत नाहीत. दिवसभर काय केलं विचारलं, तर खाल्लं, झोपली, खेळली. माझ्या मुलीचे नऊ तास तीन शब्दांत आटपतात. तू त्यांच्याबरोबर पंधरा दिवस काढलेस. तुला त्या कशा वाटल्या, खरं सांग.

ठकूचा पापा, कुत्र्याने न चाटलेल्या गालाचा. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.

तुझी,
छबू

---

८ मार्च

चि. छबूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले आणि मग तुझी कीव आली. बाग ते घर एवढाच अबोला? लग्नाआधी माझ्याशी तू चार दिवस बोलली नव्हतीस, त्या मानाने जावई स्वस्तात सुटले. त्यांना फार बोलू नकोस. ज्या माणसाचं काम दिवसभर लोकांच्या नाकावर काहीतरी अलगद ठेवणं हे आहे, त्याला आवाज चढवणं जमायचं नाही.

त्या टोपीवालीचं चुकलंच. विचारायला हवं होतं, यात दुमत नाही. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर दुसऱ्याच्या कंपासपेटीतली टोक मोडलेली पेन्सिलसुद्धा न विचारता उचलू देत नसत, मग इथे तर मूल आहे.

पण तुझा हा धसका वाचताना मला माझाच जुना धसका दिसला. तुला आठवतं का गं? ब्रशांच्या कारखान्यातून मी साडेपाचला यायचे. दिवसभर जनावरांचे केस निवडलेले, डुकराचे राठ, शेळीचे मऊ, घोड्याच्या शेपटीचे लांब. अंगावर, बाह्यांत, भुवयांतसुद्धा केस. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईच्या दंडावर एकदा काळा फोड आला आणि आठवड्यात ती गेली. केसांच्या गठ्ठ्यातून आलेला आजार होता. तेव्हापासून मी दारातूनच तुला लांब हो म्हणून सांगायचे. तू हात पसरून उभी असायचीस आणि मी तुला ओलांडून न्हाणीघरात जायचे. साबण लावून, कपडे बदलून बाहेर येईपर्यंत तू बरेचदा भिंतीला टेकून झोपलेली असायचीस. तुला रस्त्यावरचं मांजरही मी कधी शिवू दिलं नाही. तेव्हा दुसरं सुचलं नाही. आता सुचतं, पण तू पस्तिशीची झालीस.

काकू लाखात एक आहेत. कमी बोलतात हा गुण समज. त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाक. आणि काही झालं तरी ठकूचं दुपारचं फिरणं बंद करू नकोस. तिला ते फार मानवतं.

दातांची लाळ गळते आहे का अजून? गळ्याशी कोरडं फडकं ठेवत जा. लोभ असू दे, अबोल्याच्या दिवसांतही.

तुझी,
आई

---

१४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

डोळे मिटून विश्वास टाक म्हणालीस. मी ते उघडे ठेवले ते बरं झालं. पुढचं नीट वाच आणि हसू नकोस.

सोमवारी ठकूचा पांढरा स्वेटर धुवायला काढला, तर बाहीच्या विणीत केस अडकलेले. माझे नाहीत, यांचे नाहीत, काकूंचे तर पांढरे आणि लांब. हे आखूड, राठ, राखाडी. बुधवारी बाबागाडीच्या चाकात वाळक्या गवताच्या काड्या निघाल्या. गुरुवारी सकाळी मी मागच्या चाकांवर खडूने रेघा ओढून ठेवल्या. हो, ठेवल्या. पाणीपुरवठ्याचे नकाशे काढणाऱ्या बाईला रेघ मारायला लाज कसली? संध्याकाळी रेघा पार पुसलेल्या. म्हणजे गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन परतलेली नाही, चांगली लांब गेलेली आहे. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या की जवळच गेलो होतो, हवेला. जवळच म्हणजे कुठे, हे विचारल्यावर एप्रनच्या नाडीशी चाळा करत राहिल्या. जी बाई खोटं बोलत नाही पण खरंही सांगत नाही, तिचं काय करायचं?

याहून काळजीची गोष्ट म्हणजे ठकू चमत्कारिक आवाज काढायला लागली आहे. श्वास आत ओढताना हीं, सोडताना हाँ. चार-पाच वेळा लागोपाठ, तोंड लालबुंद होईपर्यंत. मला वाटलं, केसांनी छातीला काही झालं. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी लावून पुढून-मागून ऐकलं, छाती स्वच्छ आहे म्हणाले, आणि मग घरात असा आवाज काढणारं कोणी आहे का, असं विचारलं. मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले की मुलगी गाणं शिकते आहे. या माणसाला काय म्हणावं?

मला खात्री आहे की काकूंच्या ओळखीत कुणाकडे तरी कुत्रा आहे, आणि मी नकाशांवर वाकलेली असताना माझी मुलगी त्याच्या अंगावर लोळत असते. सोबत पुडीत चार केस ठेवले आहेत. एकतीस वर्षं तू डोळे मिटून नुसत्या बोटांनी जनावर ओळखायचीस. कुत्र्याचा निघाला, तर काकूंना पुढच्या सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगणार आहे. माणूस विचारून दहा चुका करू दे, मी पोटात घालीन. लपवलेली एक मला चालायची नाही.

उत्तर उलट टपाली पाठव. लोभ ठेव, आणि पुडी उघडताना पंखा बंद ठेव.

तुझी,
छबू

---

१९ मार्च

चि. छबूस,
अ. उ. आ.

पुडी मिळाली. पंखा बंद करूनच उघडली.

केस कुत्र्याचा नाही. मांजराचाही नाही. एवढं खात्रीने सांगते. मला वाटतं, जावयांच्या दुकानात भिंगं झाडायचा ब्रश असतो ना, त्याचे गळलेले केस कोटाला चिकटून घरी आले असतील. बाकी नक्की सांगता येत नाही. बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, थंडीत कडक होतात.

ठकूच्या आवाजाचा बाऊ करू नकोस. तू वर्षाची असताना हवा भरलेल्या नळासारखी गुरगुरायचीस. आता पाण्याचेच नकाशे काढतेस, तेव्हा वाया काहीच गेलं नाही.

काकूंना घालवायची घाई करू नकोस. माझं ऐक. एवढं तरी ऐक.

लोभ असू दे.

तुझी,
आई

---

२४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी तडक यांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं, डोळ्यांवर रिकामी चौकट. मी यांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि त्याचे केस स्वेटरच्या केसांशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवले. ब्रशाचे केस मऊ, पिवळट, टोकाला वळणारे. स्वेटरचे राखाडी, बुडाशी काळसर, टोकाला फिके, आणि सुईसारखे ताठ. चष्म्याशिवाय बसलेल्या त्या गिऱ्हाइकालासुद्धा फरक कळला. तुला कळला नाही?

आई, माझ्या लहानपणी तू मला राजाराणीच्या गोष्टी सांगितल्या नाहीस, कारखान्यातल्या सांगितल्यास. त्यातली माझी सगळ्यात लाडकी कुठली होती? घोड्याचे केस म्हणून आलेल्या गठ्ठ्यात तू हात घातलास आणि साहेबांसमोर म्हणालीस की यात गाढव आहे. साहेब चिडले. त्यांना वाटलं, तू त्यांनाच म्हणते आहेस. मग गठ्ठा फोडला, तुझं खरं निघालं, आणि सगळा माल परत गेला. ही गोष्ट मी तुझ्याकडून पन्नास वेळा ऐकली आहे. बुडाशी काळसर, टोकाला फिका, सुईसारखा ताठ, हे शब्द मी वर लिहिले खरे, पण ते तुझेच आहेत. लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

एकतीस वर्षांत तू कधी नक्की सांगता येत नाही म्हणाली नाहीस. मग आताच का? तू कोणाला पाठीशी घालते आहेस? काकूंना? त्या तुझ्या कोण लागतात?

काकूंना मी काल सांगून टाकलं. तुझं पत्र आलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला. मी विचारलं की माझ्या मुलीला कुठे नेता ते सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. त्यांनी एप्रन काढला, चार घड्या घालून खुर्चीवर ठेवला, आणि म्हणाल्या की आपण आजवर एकही खोटा शब्द बोललेलो नाही, पण कुणाला तरी शब्द दिलेला आहे, आणि तो मोडायचा तर आधी त्या माणसाला विचारावं लागेल. ठकू दोन्ही हात पसरून त्यांच्या मागे रांगत गेली. दार लागल्यावर उंबऱ्याशी बसून तिने तो आवाज काढला. हीं, हाँ. मग रडली.

मी रजा टाकली आहे. पण साहेबांनी आठवड्याहून एक दिवस जास्त मिळणार नाही असं बजावलंय, आणि अनोळखी माणसाच्या हातात मी तिला द्यायची नाही. तू येशील का, हे या पत्रात विचारायचं ठरवलं होतं. आता पेन तिथे आलं आणि थांबलं. तूही माझ्यापासून काही लपवत असलीस, तर मी ठकूला कुणाकडे ठेवू?

लोभ असावा की नसावा, ते तुझं उत्तर आल्यावर लिहीन.

छबू

---

२४ मार्च

चि. छबूस,
अ. उ. आ.

मागचं पत्र टाकल्यापासून पाच दिवस मला धड जेवण गेलेलं नाही. शाळेत कुणी काही लपवलं, तर सिस्टर बाकावर उभं राहून ते स्वतःच्या तोंडाने सांगायला लावत. मी आता या वयात बाकावर उभी आहे असं समज.

केस गाढवाचे आहेत. पुडीची पहिली घडी उघडली तेव्हाच मला कळलं. कोणत्या गाढवाचे, तेही कळलं. मानेच्या डाव्या बाजूचे. ठकूचा हात तिथेच पोचतो.

मी येऊन तिसरा आठवडा होता. तू कचेरीत, ठकूच्या वरच्या हिरड्या सुजलेल्या, सकाळपासून पोर आकांत करत होती. गाणी झाली, खुळखुळे झाले, घरभर फेऱ्या झाल्या. शेवटी तिला गाडीत घालून चालत सुटले ती थेट रोपवाटिकेपर्यंत, तुझ्या घरामागे जुना कालवा आहे ना, त्याच्या पलीकडे. वाटलं, खिडकीत ठेवायला एखादं रोप घ्यावं. मी कुंड्या बघत होते, आणि तिथल्या म्हाताऱ्याने मातीची गाडी ओढणारी त्याची गाढवीण सरळ बाबागाडीजवळ आणली. मला विचारलं नाही, सवरलं नाही. तिने आपलं भलंमोठं नाक ठकूच्या पोटावर ठेवलं. छबू, मी अशी किंचाळले की दोन कुंड्या फुटल्या. जे तू टोपीवालीला म्हणालीस ते सगळं मी त्या म्हाताऱ्याला म्हणाले, वर चार शब्द जास्त. आणि मग माझ्या लक्षात आलं की सकाळपासून पहिल्यांदाच मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येतो आहे. ठकू गप्प झाली होती. दोन्ही तळवे त्या नाकावर ठेवून गाढविणीच्या डोळ्यांत बघत होती. त्या नाकातून ऊबदार वाफ येत होती आणि ठकूच्या कपाळावरचं जावळ उडत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिथे परत गेले. मग रोज. म्हातारा त्या गाढविणीला बाईसाहेब म्हणतो. तुझ्या मुलीची पहिली मैत्रीण गाढव आहे, आणि ठकू जो आवाज काढते तो बाईसाहेबांचा आहे. डॉक्टरांना सांग.

घरी आल्यावर मी तिचे हातपाय साबणाने धुवायचे, कपडे बदलायचे, तू यायच्या आत ते वाळत घालायचे. बघ, सगळं जुन्यासारखंच. फक्त त्या वेळी मी तुला जपायला धूत होते, आणि आता तुझ्यापासून लपवायला.

काकूंचा यात तिळमात्र दोष नाही. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या की मुलीच्या आईला सांगा. मी म्हटलं की माझी लेक हे ऐकून घेणार नाही, मीच तिला असं घडवलं आहे. निघताना मी त्यांचा हात धरून शब्द घेतला की ठकूचं जाणं चालू ठेवायचं आणि तुला सांगायचं नाही. त्या नको म्हणत होत्या. मी रडले, म्हणून त्यांनी दिला. आता त्या मला दिलेला शब्द पाळत आहेत, आणि मी इथे बसून तुला ब्रशाच्या थापा मारते आहे.

मला भीती तुझ्या रागाची नव्हती. तो मला पाठ आहे. तू परत ठकूला माझ्या हातात देणार नाहीस, याची होती. तुझ्या वेळी मी दारातून तुला ओलांडून जात होते. हिला तरी सगळ्या केसांसकट जवळ घेता आलं, म्हणून मी हावरटासारखी रोज गेले. त्या टोपीवालीने तुला न विचारता तुझी मुलगी पाच सेकंद घेतली. मी पाच आठवडे घेतली, आणि तुझ्या घरात राहून घेतली. तिला निदान तू तोंडावर सुनावू शकलीस.

काकूंना काढू नकोस. हे पत्र त्यांना वाचून दाखव आणि त्यांनी दिलेल्या शब्दातून मी त्यांना मोकळं केलं असं सांग.

लोभ असावा असं लिहायचा आज धीर होत नाही. सवयीने हात तिकडे गेला, तो तसाच राहू देते.

तुझी,
आई

---

२ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आपली दोन्ही पत्रं एकाच दिवशी निघाली आणि वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं आलं तेव्हा काकू गेल्याला चार दिवस झाले होते.

मी खाली त्यांच्या दाराशी गेले. पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी साखळी लावून उघडलं. मी त्या फटीतूनच तुझं पत्र वाचून दाखवलं, रडल्याचं वाक्यसुद्धा. तिसऱ्या दिवशी त्यांनी साखळी काढली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या की खडूच्या रेघा त्यांना पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या, आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून गाडी उचलून न्यावी असंही वाटलं होतं, पण तसं करणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सोमवारपासून येतात, पण एका अटीवर. या घरातल्या कुठल्याही बाईने त्यांना गुपित म्हणून काही सांगायचं नाही.

काल कचेरीतून परस्पर रोपवाटिकेत गेले. एकटीच. त्या म्हाताऱ्याला ठणकावून सांगितलं की यापुढे कुणाच्याही मुलाजवळ जनावर नेताना आधी विचारायचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की मुलं तिच्या कानाला लोंबकळतात, तेव्हा बाईसाहेबांना तरी आजवर कोणी विचारलंय? मी त्याच्या झारीचं पाणी चुकवत मागे सरले, तेवढ्यात त्या बाईसाहेबांनी मागून येऊन आपली मान माझ्या पाठीवर, खांद्यावर, चांगली वरपासून खालपर्यंत घासली. अर्थात न विचारता.

घरी आले तर कोट राखाडी झालेला. काकूंनी दार उघडलं, कडेवर ठकू. तिने वास घेतला, हीं केलं, आणि दोन्ही हात पसरले. माझे पाय सवयीने न्हाणीघराकडे वळले होते. दोन पावलं गेलेसुद्धा. मग मी वळले आणि तिला घेतलं, तशीच, केसांसकट. तिने माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसलं. आम्ही बराच वेळ दारातच उभ्या होतो. हे दुकानातून आले, आमच्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि बाजूने आत गेले. तुझ्या जावयांना कधीकधी दिसतं.

माझा राग गेलेला नाही, आई. गाढवाचा नाही, ब्रशाचा आहे. तो जायला वेळ लागेल आणि मी घाई करणार नाही. पण पुढच्या महिन्यात तू ये. ठकूला कुठेही नेण्याआधी मला विचारायचं. रोज, दर वेळी, मी वैतागले तरी. मी हो म्हणायला शिकते आहे, तू विचारायला शीक.

सोबत पुडी आहे. पंखा बंद कर. यातला एक केस बाईसाहेबांचा, रीतसर विचारून घेतलेला. दुसरा फार बारीक आहे, काल माझ्या कोटावर सापडला. कुणाचा आहे, ते बोटांनी ओळख. थंडीचं निमित्त आता चालणार नाही.

बाकी सगळं मला विचारून. लोभ तेवढा न विचारता असू दे.

तुझी,
छबू